लेकीच्या बाळंतपणासाठी जर्मनीला: उदगीरकडच्या एका जोडप्याच्या तयारीचं प्रकरण

उदगीर तालुक्यातलं एक शेतकरी जोडपं. आप्पा ६६ वर्षांचे, काकू ६१ च्या. मी त्यांना याच नावांनी हाक मारतो, इथंही तेवढंच पुरे. दोघांनीही विमान कधी आतून पाहिलेलं नाही. काकूंचा सगळ्यांत लांबचा प्रवास म्हणजे तिरुपती, तोही गावातल्या बायकांबरोबर. धाकटी लेक आणि जावई जर्मनीत, फ्रँकफर्टच्या खाली डार्मश्टाट नावाच्या शहरात नोकरीला. २०२४ च्या जूनमध्ये, मृगाच्या पेरणीची घाई चालू असताना लेकीचा फोन आला: दिवस गेलेत, डॉक्टरांनी जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यातली तारीख दिलीय. पहिलं बाळंतपण माहेरी करायचा आपला रिवाज. लेकीला येणं शक्य नव्हतं, तेव्हा माहेरानंच तिकडं जायचं ठरलं.

उदगीरात माझं ऑनलाइन अर्ज भरण्याचं दुकान आहे. पीक विमा, दाखले, पासपोर्ट, सगळं चालतं. परदेशी निघालेल्या आईवडिलांच्या फायली अधूनमधून येतात. त्यातली हीच निवडली, कारण आपल्या भागातल्या माणसाला जे जे आडवं येतं ते सगळं या एका फायलीत होतं. थंडी, भाषा, तिकिटाचे पैसे यांची काळजी घरचे करतातच. वेळ खातो तो वेगळाच प्रश्न: कागदावरचा माणूस आणि खरा माणूस एकच आहे, हे सातासमुद्रापलीकडच्या साहेबाला कसं पटवायचं?

तारखेपासून मागं

जावयांचा पहिला निरोप तिकिटांचा होता. स्वस्त मिळतायत, काढून टाकू का? मी नको म्हणालो. आधी बाळाची तारीख धरायची आणि तिथून मागं मोजत यायचं.

जर्मनीचा पाहुणा व्हिसा म्हणजे शेंगेन व्हिसा. एकदा मिळाला की २९ देशांत चालतो, पण राहता येतं कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस. त्यात पोचल्याचा दिवस धरतात आणि निघाल्याचाही. अर्ज प्रवासाच्या फार तर सहा महिने आधी करता येतो. निकालाला साधारण १५ दिवस लागतात, पण प्रकरण लांबलं तर ४५ दिवसांपर्यंत जाऊ शकतं. पासपोर्टची मुदत परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने उरलेली हवी. इथं दोघांकडे पासपोर्टच नव्हता, त्यामुळे ती चिंता नव्हती. पण मुळात पासपोर्टच नव्हता, हीच मोठी चिंता होती.

लेकीचं म्हणणं पूर्ण नव्वद दिवस मागू. आप्पांचं म्हणणं महिनाभर पुरे, हरभरा कोण बघणार? शेवटी ५ जानेवारीला निघून २५ मार्चला परत, असं ठरलं. पोचण्या-निघण्याच्या दिवसांसकट ८० दिवस होतात. नव्वदच्या काठावर बसू नये असं मी सगळ्यांनाच सांगतो. विमान रद्द झालं, धुक्यात अडकलं किंवा कुणी आजारी पडलं, तर हातात चार दिवस असावे लागतात. शिवाय २५ मार्च म्हणजे ३० तारखेच्या गुढीपाडव्याच्या आधी घरी. हा मुद्दा काकूंना सगळ्यांत आधी पटला. हरभऱ्याचं थोरल्या मुलानं अंगावर घेतलं.

तिथून मागं आलं तर व्हिसाचा अर्ज नोव्हेंबरच्या मध्याला आणि पासपोर्ट ऑक्टोबरच्या आत हातात हवा. जूनमध्ये हे सगळं आरामाचं वाटत होतं.

एका काकूंची चार नावं

पहिल्या दिवशी मी दोघांचे सगळे कागद टेबलावर मांडायला सांगतो. अर्ज भरायच्या आधी एवढं एकच काम. काकूंच्या आधारकार्डावर नावापुढं 'बाई' आणि आडनाव पाटील. मतदार ओळखपत्रावर 'बाई' गायब. बँकेच्या पासबुकावर आडनाव गावावरून पडलेलं, शेवटी 'कर' असलेलं. शाळेच्या टीसीवर अर्थातच माहेरचं नाव. जन्मतारीख टीसीवर १ जून, आधारवर १ जानेवारी. १ जून ही आपल्याकडं अर्ध्या पिढीची जन्मतारीख आहे. शाळा जूनमध्ये उघडायची आणि गुरुजी तीच लावून मोकळे व्हायचे. आप्पांचंही तसंच, फक्त त्यांची तारीख सगळीकडं एक होती. त्यांच्या सातबाऱ्यावर खरं आडनाव आणि आधारवर पाटील, कारण घराकडं पूर्वी पाटीलकी.

घरच्यांना वाटत होतं की आधार हाच मुख्य कागद, तेव्हा पासपोर्ट आधारप्रमाणे काढू. इथं थांबावं लागलं. व्हिसाच्या फायलीत नातं सिद्ध करायचं असतं आणि त्याचा सगळ्यांत वजनदार पुरावा म्हणजे लेकीचा पासपोर्ट. त्याच्या शेवटच्या पानावर आईवडिलांची नावं छापलेली असतात. मी लेकीला त्या पानाचा फोटो पाठवायला सांगितला. दोघांचं खरं आडनाव होतं आणि आईच्या नावापुढं 'बाई' नव्हतं. म्हणजे आधारप्रमाणे पासपोर्ट काढला असता, तर कागदावर लेकीची आई एक आणि व्हिसा मागणारी बाई दुसरीच.

मग दुरुस्ती कुणाच्या कागदात करायची? जावई म्हणाले, लेकीचा पासपोर्ट बदलून घेऊ. मी साफ नको म्हटलं. तिचा तिथला राहण्याचा परवाना, नोकरी, विमा, सगळं त्या पासपोर्टावर उभं आहे; ते हलवलं की दहा ठिकाणी अर्ज करावे लागणार, तेही गरोदरपणात. हलवायचा तो इकडचा कागद. दोघांचं आडनाव राजपत्रात बदलून घेतलं आणि त्या जोरावर आधार दुरुस्त केलं. आधारवर नाव आयुष्यात दोनदा बदलता येतं, जन्मतारीख एकदाच. ती एक संधी वापरून काकूंची तारीख टीसीप्रमाणे करून घेतली.

हे सगळं जुलैत चाललं होतं आणि त्या जुलैत महाराष्ट्रातल्या कुठल्याही ऑनलाइन दुकानाची काय दशा होती हे सांगायला नको. मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेचा निर्णय जूनअखेर निघाला आणि पहाटेपासून बायकांची रांग. काकूंनी मला स्पष्ट बजावलं, ''बाबा, आधी माझा पंधराशेचा फॉर्म भर, मग तुझी जर्मनी.'' बरोबरच होतं त्यांचं. फॉर्म त्या वेळच्या आधारप्रमाणे भरला, तो मंजूर होऊ दिला, आणि त्यानंतर नावाला हात लावला. मधल्या काळात बँकेतलं नाव केवायसी करून बदललं. क्रम उलटा झाला असता तर फॉर्म, बँक आणि आधार तिन्हींचं त्रांगडं झालं असतं.

आप्पांच्या बाबतीत एक धागा तरी सुटलाच. ५ ऑक्टोबरला वाशिमच्या कार्यक्रमातून पीएम किसानचा अठरावा हप्ता सुटला, गावात सगळ्यांना आला, आप्पांना नाही. योजनेत नाव पाटील, आधारवर आता दुसरं. पोर्टलवर आधारप्रमाणे नाव दुरुस्त करायची सोय आहे, ती वापरली. आधारवरचं नाव बदललं की त्याला टांगलेलं काय काय हलतं याची यादी आधीच करावी: बँक, रेशन, किसान, पीक विमा, गॅस, मोबाइलचं सिम.

पासपोर्टचं पुढचं काम मात्र सरळ झालं. जिल्ह्याच्या पोस्टातल्या पासपोर्ट केंद्रात वेळ घेतली. साध्या पासपोर्टची फी १,५०० रुपये, साठीच्या पुढच्यांना नव्या पासपोर्टवर दहा टक्के सूट, म्हणून १,३५० पडले. अर्जात आडनावाचा रकाना वेगळा असतो आणि नवऱ्याचं नाव मधलं नाव म्हणून पहिल्या नावासोबत त्याच रकान्यात जातं. आपल्याकडं बरेच जण तिन्ही नावं एकाच रकान्यात भरून आडनावाची जागा रिकामी सोडतात, ती मात्र पुढं नडते. काकू चौथी शिकलेल्या, त्यामुळे दहावी नापासांच्या पासपोर्टवर पडणारा ईसीआरचा शिक्का (काही देशांत कामाला जाताना सरकारी परवानगी लागते असा) त्यांनाही पडेल अशी थोरल्या मुलाला धास्ती. पन्नाशीच्या पुढच्यांना तो लागत नाही. पोलीस पडताळणीला बीट अंमलदार घरी आले, शेजारच्या दोघांच्या सह्या झाल्या. सप्टेंबरात दोन्ही पासपोर्ट टपालानं आले.

पैसे कुणाचे, आणि परत का येणार?

व्हिसा देणाऱ्याला दोनच गोष्टी जाणून घ्यायच्या असतात: खर्च कोण करणार आणि हा माणूस परत जाईल का. बाकीची सगळी कागदपत्रं या दोन प्रश्नांची उत्तरं असतात.

पहिल्याचं उत्तर जर्मनीत फार व्यवस्थित देता येतं. तिथला रहिवासी आपल्या शहराच्या परदेशी नागरिक कार्यालयात जाऊन पाहुण्याच्या सगळ्या खर्चाची सरकारी हमी लिहून देतो, दवाखान्यापासून परत पाठवण्यापर्यंतची. ते कार्यालय त्याचा पगार आणि घर तपासतं, २९ युरो फी घेतं आणि शिक्क्याचा कागद देतं. व्हिसासाठी तो सहा महिने चालतो. मूळ कागदच लागतो, म्हणून जावयांनी तो ऑक्टोबरात कुरिअरनं पाठवला.

तरीही इकडं सल्ले सुरूच होते. एका एजंटानं सांगितलं, दोघांच्या खात्यात पाच-पाच लाख महिनाभर ठेवा, मी सोय करतो. दुसऱ्या कुणी सांगितलं, तीन वर्षांचं आयकर विवरण एकदम भरून टाका, शेती असली म्हणून काय झालं. मला हे दोन्ही मार्ग मूर्खपणाचे वाटतात. बँकेचा उतारा वाचणारा माणूस ओळ न् ओळ वाचतो. वर्षभर दोन हजाराचे हप्ते आणि बियाण्याची देणी, आणि अर्जाच्या आदल्या महिन्यात एकदम पाच लाख, हे त्याला दिसतंच. शेतीचं उत्पन्न करमुक्त असतं; तेव्हा ते १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम १०(१) प्रमाणे होतं. विवरण नसणं हा गुन्हा नाही, त्याचं कारण एका ओळीत लिहून द्यायचं.

शिवाय आणखी एक गाठ होती. काकू लाडकी बहीण योजनेत, म्हणजे कुटुंबाचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत. आता त्याच घराच्या व्हिसाच्या फायलीत सुबत्ता दाखवायची? दोन सरकारांना दोन गोष्टी सांगण्याच्या भानगडीत मी पडू दिलं नाही आणि गरजही नव्हती. खर्च जावयांचा, तो त्यांनी सही करून घेतलेला. इकडं एवढंच दाखवायचं की ही माणसं शेतकरी आहेत, त्यांचं घर-शिवार इथं आहे आणि हाताखर्चापुरता पैसा त्यांच्याकडं आहे.

'शिवार इथं आहे' हेसुद्धा सोपं नव्हतं. आप्पांनी २०२१ मध्येच वाटणी करून दिलेली. अकरा एकरांपैकी नऊ एकर दोन्ही मुलांच्या नावावर आणि स्वतःकडं फक्त दोन एकर, सातबाऱ्यावर ०.८१ हेक्टर. आपल्याकडचे कितीतरी बाप हेच करून बसलेले असतात आणि व्हिसाच्या वेळी उमगतं की कागदावर आपलं काही उरलेलं नाही. इथं दोन एकर तरी होतं. त्याचा सातबारा आणि आठ-अ, वाटणीचा फेरफार, मुलांचे सातबारे, ग्रामपंचायतीचा रहिवासाचा दाखला, हे सगळं इंग्रजीत करून मूळ कागदाच्या मागं लावलं. फेरफारामुळे गोष्ट पूर्ण झाली: जमीन विकलेली नाही, घरातच आहे, आणि हा माणूस ती अजून कसतो.

बँकेतल्या पैशाचा प्रश्न सोयाबीननं सोडवला, तोही रडतखडत. त्या हंगामात हमीभाव ४,८९२ रुपये क्विंटल आणि बाजारात चार-सव्वाचार हजाराच्या आसपास. आप्पा ठाम, ''भाव चढल्याबिगर मी पोतं हलवीत नाय.'' बरीच समजूत घातल्यावर अर्धा माल आडतीवर गेला, आणि रोख न घेता रक्कम खात्यावर मागितली. आडतीची पट्टी आणि उताऱ्यातली तीच रक्कम समोरासमोर लावली. लाखभर रुपये पण खरे, कुठून आले ते सांगणारे.

सोबतच्या पत्रावर मी सगळ्यांत जास्त वेळ घालवतो. एजंट लोकांची पत्रं पानभर असतात आणि त्यात काहीच नसतं. आप्पांच्या पत्राचा गाभा असा होता: आम्ही शेतकरी आहोत. मुलीचं पहिलं बाळंतपण आहे, तिच्या दवाखान्याच्या नोंदवहीची प्रत जोडली आहे. प्रवासाचा आणि राहण्याचा खर्च जावई करणार, त्यांचं हमीपत्र जोडलं आहे. मार्चअखेर आम्हाला परत यायचं आहे, कारण माझी ८८ वर्षांची आई गावी आहे आणि उन्हाळी मशागत त्यानंतर सुरू होते. पाटील हे आडनाव पूर्वी वापरत होतो, राजपत्राची प्रत जोडली आहे. बस्स.

आप्पांच्या आईचा उल्लेख घालायला घरचे कचरत होते. म्हातारीला सोडून निघालात असा अर्थ निघेल म्हणून. मला उलट वाटलं. परत येण्याचं याहून खरं कारण त्या घरात दुसरं नव्हतं.

पुणे, आणि आप्पांची बोटं

अर्ज व्हीएफएसच्या, म्हणजे वकिलातीसाठी व्हिसाचे अर्ज गोळा करणाऱ्या कंपनीच्या, केंद्रात स्वतः जाऊन द्यावा लागतो. दोघांच्या बोटांचे ठसे आणि फोटो घ्यायचे असतात. पुण्याची वेळ घेतली. आप्पांची एकच अट: २० नोव्हेंबरला विधानसभेचं मतदान, त्या दिवशी ते गाव सोडणार नाहीत. आदल्या आठवड्यातली वेळ मिळाली. फी माणशी ९० युरो. जून २०२४ मध्येच ती ८० वरून वाढली होती. ती रुपयांत भरायची, वर केंद्राचा सेवाखर्च, आणि व्हिसा नाकारला तरी परत मिळत नाही.

पुण्यात अडलं ते अगदी अनपेक्षित ठिकाणी. ठशांच्या काचेवर आप्पा चार बोटं ठेवायचे आणि यंत्र लाल व्हायचं. पन्नास वर्षं खुरपं, दोर आणि नांगर धरलेली बोटं. रेषा झिजून गुळगुळीत झालेल्या. रेशनच्या दुकानात त्यांचा अंगठा नेहमीच नाटकं करतो, पण इथं कुणाच्या ते ध्यानात आलं नव्हतं. तिथल्या मुलीनं त्यांना हात धुऊन यायला सांगितलं, ओलसर कापडानं एकेक बोट पुसलं, वरून स्वतःचा हात ठेवून दाबलं. बऱ्याच खटपटीनंतर डावा हात घेतला, मग उजवा. तेव्हापासून मी कष्टकरी माणसाला ठशांच्या आधी आठवडाभर रोज रात्री बोटांना खोबरेल चोळून झोपायला सांगतो. कातडी मऊ पडली की रेषा जरा वर येतात. हे ठसे ५९ महिने त्यांच्याकडं राहतात, म्हणजे जवळजवळ पाच वर्षं पुन्हा तो तमाशा नको.

विम्याबद्दल थोडं. शेंगेनसाठी किमान ३०,००० युरोंचं वैद्यकीय संरक्षण असलेली प्रवास विमा पॉलिसी लागतेच. स्वस्तातली घेऊन फाईल पुरी करायची ही सर्रास रीत. आप्पांना साखर, काकूंना बीपी. आधीपासूनच्या आजारातून अचानक काही उद्भवलं तर ती पॉलिसी पैसे देते का, हे बघूनच घ्यायला लावली. जरा महाग पडली. गोळ्या ८० दिवसांच्या आणि वर थोड्या, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसकट, सगळ्या हातातल्या पिशवीत.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात दोन्ही पासपोर्ट व्हिसासह परत आले. तिकिटं त्यानंतर काढली. अर्जाला फक्त आरक्षणाची प्रत जोडली होती.

हैदराबाद बरं

मुंबई आपल्या डोक्यात बसलेली आहे. परदेशी जायचं म्हणजे मुंबईहून. पण उदगीरहून बीदर, जहीराबाद करत हैदराबादचं शमशाबाद विमानतळ पाच तासांच्या आत येतं. मुंबईला अख्खी रात्र रेल्वेत काढायची, मग त्या शहरात दिवसभर सामान घेऊन बसायचं. हैदराबाद आपल्या आजोबांच्या काळी राजधानीच होती, बाजारहाटाला आणि दवाखान्याला अजूनही आपण तिकडंच जातो. तिथून २०२४ मध्ये लुफ्तान्साचं फ्रँकफर्टला थेट विमान सुरू झालं होतं. आखातात विमान बदलणारी तिकिटं बरीच स्वस्त होती. मी थेटच्या बाजूनं होतो. ज्यांना फलक वाचता येत नाहीत त्यांना मध्यरात्री परक्या विमानतळावर दुसरं दार शोधायला लावून पैसे वाचवण्यात अर्थ नव्हता.

आणि दुसरं कारण होतं खसखस.

काकूंनी बाळंतिणीसाठी काढलेलं सामान मी त्यांच्या ओसरीवर पाहिलं: खोबऱ्याच्या वाट्या, खारीक, डिंक, बदाम, खसखस, अळीव, मेथी, सुंठ, गाईचं घरचं तूप, काळा मसाला, बाळाच्या धुरीसाठी ओवा-वावडिंग-धूप, आणि एक छोटी लोखंडी शेगडी. यातलं पहिलंच अडलं. सुकं खोबरं विमानात चालत नाही. तेलामुळे ते पेट घेऊ शकतं असं मानतात. तूप युरोपात नेता येत नाही, कारण बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दूध-दुभत्याचे आणि मांसाचे पदार्थ आणायला तिथं बंदी आहे. खसखस जर्मनीत खुशाल चालते, तिथल्या केकमध्ये ती घालतातच. पण संयुक्त अरब अमिरातीत ती अमली पदार्थांत धरतात. दुबईमार्गे जाणाऱ्या पिशवीत पुडी सापडली तर सुटका कोण करणार? इकडच्या कितीतरी काळ्या मसाल्यात खसखस असते, हे तर कुणाच्या लक्षातही येत नाही.

काकू नाराज झाल्या. लेकीशी फोनवर बोलणं झालं तेव्हा कळलं की तूप तिकडच्या भारतीय दुकानात मिळतं, खसखस आणि अळीवही मिळतात. म्हणजे लाडू तिथंच वळायचे. इथून गेलं ते फक्त डिंक, खारीक, बदाम, दळलेली मेथी आणि सुंठ. सगळं पाकीटबंद, वर इंग्रजीत नाव. शेगडी राहिली घरीच. जर्मनीत घराघरांत धुराची सूचना देणारं यंत्र कायद्यानं लावलेलं असतं. बाळाला धुरी दिली की पाच मिनिटांत अख्खी इमारत गोळा झाली असती. काकूंनी यावर लेकीला विचारलं म्हणे, ''मग तिकडं लेकरं वाढतात तरी कशी?''

सोन्याचं चटकन सांगतो. पाटल्या लॉकरमध्ये, अंगावर मंगळसूत्र आणि कुड्या. बाळाचे चांदीचे वाळे आणि कडदोरा पावतीसकट. तिथं विमानानं येणाऱ्याला ४३० युरोंपर्यंतच्या भेटवस्तू करमुक्त आहेत, त्यात ते बसलं. पॉवर बँक हातातल्या पिशवीत, मोठ्या बॅगेत नाही.

चाकाच्या खुर्चीवरून मात्र रण पेटलं. विमान कंपनीला तिकिटाच्या वेळीच सांगितलं की ती फुकट मिळते आणि खुर्ची ढकलणारा माणूस थेट तपासणीपासून दारापर्यंत नेतो. इंग्रजी न येणाऱ्या आईवडिलांसाठी खरा उपयोग त्या माणसाचाच. आप्पा भडकले, ''मी काय लंगडा हाव का? रोज शेताला चार किलोमीटर चालतो की.'' शेवटी खुर्ची काकूंच्या नावावर घेतली आणि आप्पा त्यांच्यासोबत चालत गेले. दोघांचंही काम झालं.

घरचा मोबाइल हा शेवटचा निर्णय. आप्पांच्या सिमवर शेतीच्या सगळ्या कामाचे ओटीपी येतात, किसानपासून पीक विम्यापर्यंत. ते सिम थोरल्या मुलाकडं ठेवलं, बँकेचा नंबर आधीच काकूंच्या सिमवर वळवला आणि ते सिम रोमिंग टाकून सोबत दिलं. २४ फेब्रुवारीला किसानचा एकोणिसावा हप्ता आला तेव्हा संदेश उदगीरात वाजला आणि मुलानं डार्मश्टाटला फोन करून सांगितला. आप्पांनी नातीचा चेहरा दाखवायच्या आधी विचारलं, मागचा अडकलेलापण आला का? आला होता.

व्हिसावरच्या दोन तारखा

मार्चच्या सुरुवातीला जावयांचा फोन. पासपोर्टवरच्या चिकटपट्टीवर 'अंटिल' पुढं ९ एप्रिल आहे, मग २५ मार्चचं तिकीट का? पुढं ढकलू, काकूंचीही इच्छा आहे.

ही चूक शिकलेली माणसंही करतात. त्या पट्टीवर 'फ्रॉम' आणि 'अंटिल' या तारखा म्हणजे ज्या काळात व्हिसा वापरता येतो तो काळ. त्यात पंधरा दिवस सवलतीचे मिळवलेले असतात, प्रवास पुढं-मागं झाला तर म्हणून. राहायचे दिवस वेगळ्या चौकटीत, 'ड्युरेशन ऑफ स्टे' मध्ये, आणि तिथं स्वच्छ ८० लिहिलेलं होतं. ५ जानेवारीला उतरलेल्या माणसाचा ऐंशीवा दिवस २५ मार्चच. एक दिवस जास्त झाला तर निघतानाच पकडतात आणि पुढच्या व्हिसाच्या वेळी ते आडवं येतं. तेव्हा शिक्के बघून दिवस मोजायचे. आता १२ ऑक्टोबर २०२५ पासून युरोपात चेहरा आणि बोटांचे ठसे घेऊन प्रवेश-निर्गमन यंत्रावर नोंदवायला सुरुवात झाली आहे, म्हणजे मोजणी संगणकच करतो. तिकीट हललं नाही.

दोघं पाडव्याच्या आधी परतले. आप्पांचे ठसे फ्रँकफर्टलाही पहिल्या झटक्यात उमटले नाहीत म्हणे, पण दुसऱ्यांदा उमटले.

या दोन पासपोर्टांची पुढची वाट आता सोपी आहे. भारतीयांसाठी २०२४ च्या एप्रिलमध्ये ठरलेल्या नियमानं, तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसे नीट वापरले की पुढचा दोन वर्षांचा, कितीही वेळा जाता येईल असा व्हिसा मिळू शकतो. एक झाला. दुसऱ्याचं आप्पा नाव काढू देत नाहीत, काकूंनी मात्र पासपोर्ट कपाटात साडीच्या घडीत जपून ठेवलाय.

सध्या टेबलावर परभणीच्या विहीणबाईंची फाईल आहे. नातीच्या पहिल्या वाढदिवसाला त्यांना जायचंय. ९०-१८० दिवसांची मोजणी माणसागणिक वेगळी असते, त्यामुळे काकूंचे दिवस त्यांच्या आड येत नाहीत. तिकिटाची चौकशी त्यांनी करून ठेवली आहे. जावयांच्या पासपोर्टच्या शेवटच्या पानाचा फोटो मी मागवलाय. विहीणबाईंच्या आधारवर नावापुढं 'ताई' आहे.